शेंदूर लावलेला फिल्टर

भूपेंद्रभाऊस रेणूचा वाकून नमस्कार,

"तुझ्या हातात जोर नाही, तू फक्त टॉर्च धर," असं तू मला मी सहावीत असताना म्हणाला होतास. बाबांच्या ट्रॅक्टरखालून तुझे नुसते पाय दिसत होते आणि मी इमानदारीने टॉर्च धरून उभी होते. ते वाक्य परवा आठवलं, कारण या खेपेला ट्रॅक्टरखाली पाय माझे होते. तुझी कंबर कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का? आई ठणठणीत आहे, त्याचा पुरावा पुढे येईलच.

साधं ऑइल बदलायला मिस्त्री लागत असेल तर ट्रॅक्टर भाड्याने फिरवणाऱ्या चुन्नीलालला आपला विकून टाकू, असं तू फोनवर म्हणालास. म्हणून मीच पाना उचलला. (इटियाडोह धरणाचं पाणी आता कालव्याला सुटेल, उन्हाळी धानाची चिखलणी लागेल. तेव्हा चुन्नीलाल आपलाच ट्रॅक्टर आपल्याच शेताच्या बांधीत भाड्याने आणेल, ते मला बघवणार नाही.) जुनं ऑइल निघालं, अर्धं घमेल्यात, अर्धं माझ्या केसांत. अडला तो फिल्टर. दर दसऱ्याला आईने तेलात कालवलेला शेंदूर लावून लावून त्याचा पार मारुती झालाय. (पूजा बॉनेटची करायची, पण बॉनेटला रूप नाही, याला आहे, असं तिचं म्हणणं. मिस्त्रीसुद्धा दर वेळी ऑइल बदलायचा आणि फिल्टरला हात जोडून निघून जायचा.) हाताने हलेना. तुझा जुना कमरेचा पट्टा आवळला, तो तुटला. पेचकस आरपार ठोकून फिरवतात असं मोबाइलवर पाहिलं होतं, तो घेऊन सरसावले, तर आई दारातून ओरडली, "देवाच्या पोटात पेचकस खुपसून राहिली का वो? कायले पाप घेतेस?"

शेवटी तिनेच नारळ फोडला, देवाची रजा घेतली, शेंदूर खरवडला आणि सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून, धानाचा भारा आवळतात तशी काठीने पिळायला लावली. आम्ही दोघी लोंबकळलो तेव्हा तो कुरकुरत सुटला. बाबा सांगायचे, फिल्टर हातानेच कसायचा, पाना लावायचा नाही. हा शेवटचा तू कसला होतास, भाऊ. तुझ्या हातातला जोर इतकी वर्षं घरातच होता, आम्हालाच माहीत नव्हतं.

तुझी,
रेणू

ता. क. : खाली निजून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं, हे मला उशिरा कळलं. सकाळभर मी फिल्टर आवळतच होते. तेव्हा तुझ्या जोराला वर दिलेलं श्रेय अर्धं परत घेते.

आणखी एक : जुना फिल्टर आईने देवघरात मांडलाय. नवा आणलाय, पण बसवलेला नाही. चुन्नीलालला शब्द देण्याआधी एकदा ये. तुझ्याकडून येणारी रायपूरची बस सडक अर्जुनीला थांबते, मी घ्यायला येईन. फिल्टर मीच बसवीन, तू फक्त टॉर्च धर. कमरेमुळे जमणार नाही म्हणशील, माहीत आहे. पण टॉर्च उभ्यानेच धरायची असते.