हे कार्ड आता कोणी वापरत नाही म्हणे

अच्छाड, काट्याची केबिन
मंगळवार, दुपार

चि. ऋषभ यास,

काशीनाथमामाचे अनेक आशीर्वाद. तिकडे पुण्यात तू, सूनबाई आणि बाळ खुशाल असाल असं मीच धरून चालतो, कारण फोन तू हल्ली उचलत नाहीस. इकडे तुझ्या मामीचा गुडघा कुरकुरतो आहे, सरावलीच्या वाडीत चिकू बरा धरला आहे, आणि माझी तब्येत उत्तम होती. ती बिघडली तुझ्या त्या नेटवर्क कार्डापायी, म्हणून हे पत्र. (ईमेल करता आला असता, पण तुझ्या ईमेलांवरचा माझा विश्वास उडाला आहे. का, ते पुढे येईल.)

तुला आठवत असेल, अकरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तू आलास आणि आपल्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स (जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेली ती फुकटची सिस्टीम) घातलंस. ट्रक काट्यावर चढला की वजन डब्यावर दिसतं, डब्यातून वायरीने कॉम्प्युटरच्या कार्डात येतं आणि पावती निघते. ते कार्ड तेव्हाच म्हातारं होतं. त्याच्याकडून काम करून घेणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तू आठवडाभर खपून नीट केलास, तो जगाच्या लिनक्समध्ये घेतला गेला आणि त्याचा राखणदार म्हणून तुझं नाव लागलं. मी सरावलीत पेढे वाटले. लोक विचारायचे, कशाचे? मला धड सांगता येईना, तरी वाटले.

आता त्या लिनक्सच्या पोटात कर्नेल म्हणून जो मुकादम असतो, तो दर दोन-अडीच महिन्यांनी नवा येतो आणि आल्या आल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदलतो. सासूने रोज पिठाचा डबा हलवायचा आणि सुनेला विचारायचं, भाकरी अजून का नाही झाली, त्यातला प्रकार. आम्ही जुन्याच कर्नेलवर सुखात होतो. पण पावत्या चढवायची वेबसाइट जुन्या सिस्टीमवर उघडेना, म्हणून सुनिलने (काट्यावर बसणारा, सायवनचा; माणूस प्रामाणिक, पण 'अपडेट' दिसलं की त्याचा हात राहत नाही) नवी सिस्टीम चढवली, आणि कार्ड बिघडलं. साफ बंद पडलं असतं तर परवडलं असतं. ते एका ट्रकचं वजन पोटात धरून मागच्या गाडीला देऊ लागलं. फरशीचा ट्रक गेला आणि त्याच्या मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोचं वजन निघालं अठ्ठावीस टन. टेम्पोवाला वापीचा, शांत माणूस. पावती दोनदा वाचून टेम्पोकडे बोट दाखवत म्हणाला, "काका, आमां हाथी बेठो छे के शुं?" दुपारी रांग ढाब्यापर्यंत गेली होती, संध्याकाळी रांगच उरली नाही, सगळे समोरच्या काट्यावर. तो समोरचा मला हल्ली रोज हात जोडून नमस्कार करतो. तो नमस्कार मला सहन होत नाही.

फोनवर तू म्हणालास, "मामा, नवं कार्ड टाका, दहा मिनिटांचं काम." अरे, कुठून टाकू? दोन वर्षांपूर्वी काट्याची तपासणी झाली तेव्हा वजनाच्या डब्याला तार ओवून शिशाचा शिक्का मारला. ट्रकवाले कॉम्प्युटरलाही हात लावतील या भीतीने मी तो तलासरीच्या वेल्डरकडून करून घेतलेल्या लोखंडी पेटीत घातला होता. शिक्का मारणाऱ्याला चहा पाजला आणि म्हटलं, भाऊ, तार उरली असेल तर ही पेटीही बांधा. त्याने बांधली. आता शिक्का तोडावा तर गुन्हा, आणि न तोडावा तर आत बोट जात नाही. वायरी बाहेर येतात ती फटसुद्धा मी उंदरांच्या भीतीने सिमेंटने बुजवली आहे. (अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तुझ्या मामीने सांगून झालं आहे. तू पुन्हा सांगू नकोस.)

हेही मी सोसलं असतं. पण परवा मयुराने (डहाणूच्या कॉलेजातून कॉम्प्युटर शिकून आल्यापासून तुझी ही मामेबहीण केबिनच्या कोपऱ्यात लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसते) लिनक्सवाल्यांच्या ईमेलमधला एक मजकूर मला मराठीत सांगितला. हे जुनं कार्ड आता कोणी वापरत नाही, तेव्हा त्याचा ड्रायव्हर पुढच्या कर्नेलमधून काढून टाकावा. कोणाची हरकत असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावं. आणि खाली पहिलं उत्तर तुझं! "माझी हरकत नाही. हे कार्ड जगात अजून कोणी चालवत असेल असं वाटत नाही." अरे, मी आहे की! मी नवं कार्ड टाकलंच असेल असं तू धरून चाललास, एकदा विचारलंसुद्धा नाहीस. तुझे कान टोचले ते माझ्या मांडीवर, भोकाड पसरून माझा नवा सदरा भिजवला होतास. तो मामा रोज ज्याच्यासमोर बसतो ते कार्ड, आणि तू जगाला लिहून देतोस की इथे कोणी नाही. फार लागलं मला ते.

तेव्हा हातातलं काम टाकून, रजा घेऊन, मिळेल त्या गाडीने निघून ये.

तुझा (जगात नसलेला) मामा,
काशीनाथ

ता. क. येण्याची घाई नको. कार्ड तीन आठवडे झाले, नीट चालतं आहे. पेटीला हात न लावता मयुराने ड्रायव्हरच दुरुस्त केला. हे वर लिहिलं असतं, तर तू पत्र इथपर्यंत वाचलं नसतंस.

ता. क. दुसरा. तिने ती दुरुस्ती लिनक्सवाल्यांना पाठवली. ओळी लांब आहेत म्हणून एकदा परत आली, तिने त्या तोडून पुन्हा पाठवली. आता ते म्हणतात, राखणदाराचा होकार हवा. राखणदार तू. पोरगी वीस दिवस सकाळी चहाच्या आधी तुझं उत्तर आलं का ते बघते, आणि दादाला कशाला त्रास, म्हणून फोन करत नाही. माझं खरं काम एवढंच आहे: तुझी ती 'हरकत नाही' मागे घे, आणि राखणदार म्हणून आता तिचं नाव लाव. पेढे मी आणून ठेवले आहेत. ते फार दिवस टिकत नाहीत.

ता. क. तिसरा. काल काटा तपासायला साहेब आले होते. पेटीकडे बघून म्हणाले, "ही कोणी बांधली? आमचा शिक्का फक्त डब्यावर असतो. ही तार कधीही तोडा." सुनिलने वापीहून नवं कार्ड आणूनही ठेवलं आहे. ते माझ्या खणात आहे आणि खणाला कुलूप आहे. मयुराला यातलं काही बोलू नकोस. मी कार्ड बदललं तर तुझं म्हणणं खरं होईल, आणि पोरीने एवढं नीट केलेलं वापरायला जगात खरंच कोणी उरणार नाही.