सातव्या होलची लांबी

२ सप्टेंबर

नवी वही काढली. जुनी ओल लागून फुगली, पानं एकमेकांना चिकटली. कपाट समुद्राकडच्या भिंतीला आहे, पण दोष भिंतीचा नाही. हल्ली कागदच हलका येतो.

यंदाचे संकल्प. एक, १८ ऑक्टोबरच्या वार्षिक गोल्फ स्पर्धेत ऐंशी फटक्यांच्या आत यायचं. दोन, फटका मारताना डोकं वर करायचं नाही. तीन, मेव्हण्यावर चिडायचं नाही.

अकरा वर्षं खेळतो आहे. आजवरचा सर्वोत्तम स्कोअर सत्त्याऐंशी. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, म्हणतो की त्यातलेही दोन फटके मी मोजले नव्हते. माझं स्कोअरकार्ड तोच लिहितो. ज्याचं त्याने लिहायचं नाही असा नियम आहे. नियम चांगला, माणूस चुकीचा मिळाला.

३ सप्टेंबर, सकाळी

एक्क्याण्णव. वाऱ्यामुळे.

आपला कोर्स म्हणजे बाग नव्हे. झाड औषधालाही नाही. वाळूच्या टेकड्या, राठ गवत, बंकर म्हणजे विहिरीसारखे खोल वाळूचे खड्डे, आणि सतत वारा. पाच ते नऊ हे होल तर अगदी कड्यावर, खाली समुद्र. बाहेरगावचे खेळाडू पहिल्या होलवर हसत असतात, नवव्यापर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. अशा कोर्सचा मी मानद सेक्रेटरी आहे हे हिला अजून नीट कळलेलं नाही.

५ सप्टेंबर

बंधारे खात्याचा इंजिनियर आला होता. तरुण आहे, बूट स्वच्छ. त्याने सातव्या होलपासून आमच्या घरासमोरच्या रस्त्यापर्यंत लाल खुंट्या ठोकल्या. म्हणाला, वर्षअखेरपर्यंत समुद्र इथवर येईल. आमचं घर खुंट्यांच्या बावीस पावलं अलीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला.

मी त्याला सांगितलं की मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, आणि तुमची टेप तपासून शिक्का मारलेली आहे का असं विचारलं. त्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. मला वाटतं वर्मी लागलं.

जाताना एक फॉर्म देऊन गेला. ज्यांना वरच्या रस्त्यावर पर्यायी घर हवं त्यांनी १८ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत भरून द्यायचा. स्पर्धेचाच दिवस. सरकारी लोकांना खेळातलं काही कळत नाही.

६ सप्टेंबर

ही म्हणाली, फॉर्म भरू या. मी म्हटलं, स्पर्धा होऊ दे. घर हिच्या नावावर आहे. हिचे वडील कोर्सवर मुख्य माळी होते, त्यांनी बांधलं. मी घरजावई नव्हे, सासरे वारल्यावर राहायला आलो. पण घर कोणाच्याही नावावर असलं तरी निर्णय विचार करूनच घ्यावा लागतो, आणि घरात विचार मी करतो.

९ सप्टेंबर

काल उधाण होतं. सातव्याची टी, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तो चौथरा, कडेने चार पावलं खचली. माळ्याला सांगून टी पुढे घेतली. बारा यार्ड. कार्डावर लांबी ४१२ छापली आहे ती तशीच ठेवली. तात्पुरत्या गोष्टीसाठी कार्ड बदलत नाहीत.

आज सातव्याचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, दुसऱ्या फटक्यात जवळजवळ गाठलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. डोकं खाली ठेवण्याचा परिणाम.

१४ सप्टेंबर

पंच्याऐंशी. माझा आजवरचा विक्रम. हिला सांगितलं. ही म्हणाली, मागचं दार लागत नाहीये. मी दार रंध्याने तासून दिलं. लागतं आता.

१५ सप्टेंबर

सहाव्या होलच्या बंकरमध्ये खालून पाणी येतं आहे. पाऊस नाही, काही नाही. सेक्रेटरी या नात्याने नोटीस लावली: त्या बंकरमध्ये चेंडू गेल्यास बाहेर काढून ठेवावा, दंडाचा फटका नाही. प्रश्न सुटला. हे इंजिनियरला कधी सुचलं नसतं.

२१ सप्टेंबर

चहा खारट. मला वाटलं हिने रागाने साखरेऐवजी मीठ घातलं. तसं बोललोही. मग कळलं की विहिरीचंच पाणी तसं झालंय. शेजारच्यांचंही. म्हणजे फक्त आमचंच नाही, ही समाधानाची गोष्ट.

हिने पुन्हा फॉर्म काढला. मी म्हटलं, तुला जायचं असेल तर खुशाल जा, मी हलणार नाही. असं म्हटलं की माणूस विचार करतो.

२६ सप्टेंबर

आमच्या ओळीत सात घरं. आता चारांत माणसं आहेत. कोपऱ्यातल्या शिंप्याने जाताना खिडक्यासुद्धा काढून नेल्या. घाबरट. तिथून आता आरपार समुद्र दिसतो.

सातव्याची टी आणखी पुढे घेतली.

२८ सप्टेंबर, सकाळी सात

ब्याऐंशी! हात स्थिर, नजर स्थिर. पाचव्या होलवर बर्डी, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा एक फटका कमी. पाचवाही थोडा पुढे घेतला आहे, पण त्याचा संबंध नाही.

माळी आता समुद्राकडच्या बाजूने चालत नाही. हातात काठी असते. जमिनीवर ठोकतो, वाकून कान देतो, मग पुढचं पाऊल टाकतो. विचारलं तर म्हणाला, "साहेब, पोकळ लागते." त्याला चष्म्याची गरज असावी. कानाचं काय करतात कोण जाणे.

५ ऑक्टोबर

अगदी ऐंशी. एक फटका उरला.

क्लबहाउसच्या पायरीवर मेव्हण्याशी बाचाबाची. संकल्प तीन मोडला. मी फक्त एवढंच म्हणालो की या वयात माझी एवढी सुधारणा शास्त्रालाही समजावता येणार नाही. तर तो कार्ड माझ्या हातात देत म्हणाला, "भाऊजी, तुम्ही कापडवाल्यांच्या आखूड मीटरपट्ट्या जप्त करायचात. आता तुमचीच पट्टी आखूड झालीये, ती कोण जप्त करणार?"

मत्सर. त्याचा स्कोअर अजून नव्वदच्या वर आहे. टी पुढे घेतल्या तरी तो मागच्या जुन्या खुणेच्या शेजारी उभा राहून मारतो. कशाला, विचारलं तर म्हणे मोजमाप बरोबर असावं. आता ती जुनी खूणही गेली.

८ ऑक्टोबर

लाट आपटली की मांडणीतले कप वाजतात. पूर्वी मोठ्या लाटेला वाजायचे, आता सगळ्या लाटांना. हिने कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले. मी म्हटलं, बरं केलंस, आवाज बंद झाला. ही माझ्याकडे बघत राहिली.

११ ऑक्टोबर, दुपारी

मी अंगणात चिपिंगचा, म्हणजे जवळच्या छोट्या फटक्यांचा, सराव करत होतो. ही बाहेर आली, हात पुसले, फॉर्म आणि पेन पुढे धरलं. म्हणाली, "अहो, घरात राहणाऱ्यांची नावं विचारलीत. तुमचं घालू की नको?"

मी ठामपणे सांगितलं. घालू नकोस. अठरा तारखेला स्पर्धा झाली की मी स्वतः बघतो. ही फॉर्म घेऊन आत गेली. नवरा एकदा खंबीर राहिला की पुढचं सगळं सोपं होतं. उगाच इतकी वर्षं नरम राहिलो.

१५ ऑक्टोबर

विचित्र. सातव्याच्या नव्या टीवर चेंडू ठेवला की तो आपोआप समुद्राकडे घरंगळतो. तीनदा ठेवला, तीनदा गेला. जमीन रोलरने नीट दाबायला हवी. माळ्याला निरोप पाठवला. माळी काल सकाळीच मुलीकडे निघून गेला म्हणे, रोलर टाकून.

पक्षीही दिसत नाहीत. तो एक फायदा. फटक्याच्या वेळी ओरडायचे.

१७ ऑक्टोबर

आठव्याचं ग्रीन राहिलं नाही. काल संध्याकाळी झेंडा दिसत होता, आज सकाळी खाली पाण्यात झेंडा उभा होता, काठीसकट, सरळ. बराच वेळ बघत होतो.

नोटीस लावली: उद्याच्या स्पर्धेत आठव्याऐवजी पहिला होल दोनदा खेळावा. पहिला सोपा आहे.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी

अठ्ठ्याहत्तर!

सगळं नीट लिहून ठेवतो. तीस सभासदांपैकी चौघे आले. बाकीचे सामान हलवण्यात आणि फॉर्म देण्याच्या रांगेत. ज्याची त्याची निष्ठा. वारा मध्यम, मन शांत. शेवटचा चेंडू भोकात पडला तेव्हा चौघांपैकी कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे समुद्राकडे बघत होते. विजेत्याचा कप सेक्रेटरीच्या हस्ते द्यायचा असतो. सेक्रेटरी मीच. उजव्या हाताने दिला, डाव्याने घेतला.

मेव्हण्याने कार्डावर सही केली आणि सातव्याच्या रकान्यात ४१२ खोडून पेन्सिलने २९० लिहिलं. मी घरी येऊन रबराने पुसलं. अजून थोडं दिसतं.

साडेचारला घरी पोचलो. मन मोठं करून म्हटलं, आण तो फॉर्म, आता घालतो सही. ही म्हणाली, सकाळीच दिला. मालकाची सही लागते, ती केली. बरं झालं, माझं काम वाचलं. उद्या फ्रेमवाल्याकडे कार्ड टाकायचं.

२४ ऑक्टोबर, सकाळी

एकटाच खेळायला गेलो. मेव्हणा येत नाही म्हणाला. सातव्यावर उभा राहिलो, फटका मारला, चेंडू कुठे पडला ते बघायला चार पावलं पुढे गेलो. मागे वळलो तर मी उभा होतो ती जागा नव्हती. आवाज झाला नाही. माती पडताना आवाज होईल असं मला आयुष्यभर वाटत होतं.

गवतात बसलो. भीती वाटली. खूप वाटली. इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. घरी सांगितलं, गुडघा दुखतोय.

बॅग तिकडेच राहिली. म्हणजे तिकडे गेली.

३० ऑक्टोबर

नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. इंजिनियरच घेऊन आला. या वेळी बूट चिखलाचे होते. वरच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली.

मी म्हटलं, एक? आम्ही दोघं आहोत. इतरांना दोन-दोन खोल्या मिळाल्यात. मी त्याला मोजमापाबद्दल चार शब्द ऐकवायच्या तयारीत होतो. त्याने कागद दाखवला. हिचं अक्षर. घरात राहणाऱ्या व्यक्ती: एक.

तो गेल्यावर मी हिला विचारलं. ही चादरींच्या घड्या घालत होती. शांतपणे म्हणाली, "मी तीनदा विचारलं, तीनदा तुम्ही नाही म्हणालात. सरकारी कागदावर खोटं कसं लिहू?" मग घडी खोक्यात ठेवत म्हणाली, "तुमचं ऐकायचीच सवय आहे मला."

रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं.

२ नोव्हेंबर

टेम्पो आला. मेव्हण्याने सामान चढवलं. शिलाई मशीन, दोन पलंगांपैकी एक, कपांचं खोकं. ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. माझ्यासाठी डबा भरून ठेवला होता. मी दारात उभा होतो. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा घरात गेलो. घर खूप मोठं वाटलं.

४ नोव्हेंबर, दुपारी

मागची खोली गेली. मी पुढच्या खोलीत जेवत होतो. भिंतीवर आडवी रेघ उमटली, रुंद झाली, आणि तिकडून उजेड आला. स्पर्धेचा कप आणि ही वही घेऊन बाहेर पडलो. आता क्लबहाउसच्या बाकावर आहे. क्लबहाउस खुंट्यांच्या सात पावलं अलीकडे. मोजलं.

६ नोव्हेंबर

खात्याच्या ऑफिसात गेलो. फॉर्ममध्ये दुरुस्ती करायची आहे म्हटलं. खिडकीतल्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, अठरा तारखेनंतर दुरुस्ती होत नाही. मी सांगितलं, मी निवृत्त निरीक्षक आहे, क्लबचा सेक्रेटरी आहे, यंदाचा विजेता आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, एक सोय आहे. मूळ राहणाऱ्याला पाहुणा ठेवता येतो. एका वेळी सात दिवस. अर्ज मूळ राहणाऱ्याने करायचा, पाहुण्याशी नातं काय ते लिहायचं.

अर्ज खिशात घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. आत शिलाई मशीन चालू होतं. दाराबाहेर थोडा वेळ थांबलो आणि खाली आलो. तिने हो म्हणायलाच हवं असं काही नाही.

उद्या सकाळी विचारावं म्हणतो.