डाव्या पंखाची टाकी

५ जानेवारी, सोमवार

केसांना सीलंट लागलं. माझ्याच. मुरुडमधल्या अर्ध्या बायकांचे केस माझ्या पार्लरमध्ये रंगतात, आणि आज माझीच बट कात्रीने कापावी लागली. काळं, चिकट, वास सडक्या अंड्याचा. थिनरने निघत नाही, खोबरेलाने निघत नाही, शिव्यांनी निघत नाही. तिन्ही करून पाहिलं.

धनेश म्हणतो, "पेट्रोलनेपण निघत नाही, म्हणून तर टाकीला लावतात." बायकोच्या केसांपेक्षा ह्याला टाकीचं कौतुक!

बोटीवर इंजिनियर होता तोवर नवरा बरा होता. वर्षातले सात महिने समुद्रावर असायचा. नोकरी सोडली आणि अमेरिकेहून दोन सीटचं विमान मागवलं — सुट्या तुकड्यांत, खोक्यात भरून, घरी जोडायचं. झाली दोन वर्षं. सोफा पडवीत, टीव्ही सासूबाईंच्या खोलीत, हॉलमध्ये पंख.

सध्या डाव्या पंखातली पेट्रोलची टाकी चालू आहे. पत्र्याची लांबडी पेटी, आत सात आडव्या फासळ्या. फासळीच्या कडेला सीलंट फासायचं, ती आत बसवायची, आणि सीलंट सुकायच्या आत सगळी रिवेट मारायची. धनेश बाहेरून मशीन मारतो. आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायला बारीक हात लागतो. त्याचा हात म्हणजे फावडं. म्हणून मी.

तीन बसल्या. चार राहिल्या.

६ जानेवारी

चौथी उलटी बसली. काढली. परत बसवली. नवऱ्याशी बोलणं बंद.

८ जानेवारी, गुरुवार

बोलणं सुरू. "धर" आणि "सोड" म्हटल्याशिवाय रिवेट बसत नाही, काय करणार.

काल जे ठरलं ते इथे लिहून ठेवते, उद्या कोणी फिरायला नको. उजवी टाकी गळकी निघाली होती. अख्खा पावसाळा हा माणूस तिची गळती शोधत बसला, तेव्हा कुठे ती धड झाली. तसं परत नको. रथसप्तमीच्या आत डावी टाकी पास झाली नाही तर विमान विकायचं. पास म्हणजे काय, तर टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला फुगा लावायचा, आत हवा भरायची. फुगा चोवीस तास टम्म राहिला तर पास. बसला तर कुठेतरी गळतंय, आणि विमान गेलं विनेशकडे. धनेशने देवासमोर हो म्हटलंय.

हा विनेश पेणचा. ट्रक आहेत, काशीदला नवीन रिसॉर्ट आहे. त्याला गेटवर विमान ठेवायचंय, लोकांना फोटो काढायला.

मला माझा हॉल पाहिजे. दोन संक्रांती गेल्या, घरात हळदीकुंकू नाही. जगाची वाणं आणते आणि परत बोलवायला जागा नाही. लाज वाटते.

१० जानेवारी, शनिवार

सहा फासळ्या झाल्या. रिवेट कशी बसली ते आता मला आवाजावरून कळतं. धनेशला नाही कळत. त्याने कबूल केलं.

दुपारी विनेश विमान बघायला आला. टाकीवर टकटक केलं आणि म्हणतो, "वहिनी, या टाक्याबिक्या काढून भंगारात टाकू. आतमध्ये कोण बघतोय? तिथे कुंड्या ठेवतो, एकदम मस्त लुक येईल."

त्याच्या चहात साखर घालायची राहिली. मुद्दाम नाही. बहुतेक.

भंगार म्हणे. मेल्या, तू एक रिवेट मारून दाखव.

११ जानेवारी, रविवार

सातवी बसली! धनेश थिनर आणायला गेला, मी हात धुवून आले, आणि लगेच मागचा पत्रा लावून टाकी बंद केली. आपल्या दमट हवेत दोन तासांचं सीलंट तासाभरात घट्ट होतं, त्यामुळे नुसती पळापळ. आता पुढच्या टोकाचं एक भोक तेवढं उघडं आहे, हात जाईल एवढं. सासूबाई दिवसभर शेजारी बसून होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बरं नाही की काय?

१३ जानेवारी, मंगळवार

आज टाकी उचलून आडवी केली. आतून आवाज — गड गड गड गड टक.

धनेश माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. सासूबाई खिडकीबाहेर.

"आई, आत काय आहे?"

"सुपारी हाय."

सासूबाईंचं माहेर कोळीवाड्यात, होड्या बांधणाऱ्यांच्या घरात. रविवारी आम्ही दोघं उठलो त्या पाच मिनिटांत त्यांनी काम उरकलं होतं. "व्हय, मीच ठेवली. होडीच्या पहिल्या फळीखाली ठेवतात. ती तर पाण्यावरच चालते. हे हवेत जाणार, याला नको?"

धनेशने समजावलं की पेट्रोलात सुपारीचा भुगा होईल, भुगा नळीत अडकेल, इंजिन बंद पडेल. "न्हाय पडत," त्या म्हणाल्या, "देवाची हाय."

सुपारी शेवटच्या कप्प्यात, भोक पहिल्या कप्प्याला. मागचा पत्रा उपटला तर टाकीच गेली. धनेश जमिनीवरच बसला. मला म्हणाला, "विनेशला सांगून टाक."

मी जिंकले ना? हॉल मिळाला. मग जेवण का गेलं नाही ते कळत नाही.

विनेशला फोन केलेला नाही. रेंज नव्हती असं सांगेन.

१४ जानेवारी, संक्रांत

हसून हसून पोट दुखतंय.

राही आणि प्रणाली तिळगूळ द्यायला आल्या. दोघी माझ्या पार्लरच्या कायमच्या. सुपारीची हकीकत ऐकून राही म्हणाली, "अगं, मग भिशीच्या डब्यासारखी हलवून काढू." तिने फोन फिरवले. अर्ध्या तासात आठ बायका जमल्या, काठाच्या साड्या, गजरे, सगळं.

फासळ्यांना भोकं असतात, पेट्रोल इकडून तिकडे जायला. सुपारीही जाईल, नेम धरून टाकी कलवली तर. पदर खोचून आठ जणींनी टाकी उचलली. सासूबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, होडी पाण्यात लोटतात तसे: "डावीकडं! जरा वर! आता सोडा!" एक कप्पा पार झाला की टाळ्या. चौथ्यातून परत सहाव्यात गेली तेव्हा प्रणालीने सुपारीला जे काही सुनावलं ते सणासुदीला लिहीत नाही. धनेश हातात हळदीचं ताट धरून कोपऱ्यात उभा. दुसरं कामच नव्हतं त्याला.

दीड तासाने सुपारी पहिल्या कप्प्यात आली. मी कोपरापर्यंत हात घातला, पार्लरचा चिमटा लावला, काढली. सासूबाईंनी ती पदराला पुसून धनेशच्या खिशात कोंबली. मग टाकीलाच हळदीकुंकू लावून सगळ्या घरी गेल्या.

घरात हळदीकुंकू झालं की नाही? झालंच म्हणायचं.

२२ जानेवारी, गुरुवार

भोकाचं झाकण बसवून, सुकवून झालं. सकाळी सातला फुगा लावला. पिवळा. विनेश उद्या दुपारी टेम्पो घेऊनच येतोय — "बसला तर लगेच नेतो, वहिनी, नाही बसला तर चहा पिऊन जातो."

दिवसभर सगळे फुग्याजवळून पावलं न वाजवता चालतायत. सासूबाईंनी पंखा बंद करायला लावला. धनेश चार वेळा म्हणाला, त्याला काही वाटत नाही. मला वाटतंय. मला भीती वाटते.

२३ जानेवारी, शुक्रवार

सहाला उठले. फुगा नळीला लोंबत होता.

परत फुगवला. साबणाचं पाणी करून एकेका रिवेटवर फासलं. मागच्या पत्र्याच्या कोपऱ्यात बुडबुडे येतायत, बारीक, एकाच जागी. विनेशला झोपेतून उठवून सांगितलं, टेम्पो आणू नका, ते विमान उडवायचंय.

आता धनेशला उठवते. गळतंय हे आधी सांगू, की विकत नाही हे?