गोड्या पाण्याने धुतलेल्या पाट्या

मास्तर, तुमच्या हयातीत तुमच्यापुढे माझे तोंड उघडत नसे. आता तुम्ही नसताना वाद घालायला बसले आहे, या धिटाईबद्दल क्षमा असावी. पण आज वर्गात मुलींनी तुमच्या वहीतले ते वाक्य एका सुरात म्हटले आणि मला राहवेना. ‘पाण्याचा खारटपणा फार वाढला की चिकट थरातील सूक्ष्म जंतूंची पकड सुटते.’ अक्षर तुमचे आहे, चूक माझी.

तेव्हा मी चौदा वर्षांची. फुटक्या पाटीचे दोन तुकडे हाती देऊन तुम्ही म्हणालात, “एक खाडीत सोड, एक मिठागराच्या कडक खाऱ्या पाण्यात. पंधरा दिवसांनी कुठल्या तुकड्यावर जमलेला चिकट थर घट्ट बसतो ते सांग.” मी सुंभाने तुकडे बांधते आहे आणि मीठ ओढणारी आगरीण हसते आहे, “बाय, पाटीचा लोनचा घालतंस काय गो?” पंधरा दिवसांनी ते काढून आणले, तर नौपाड्यातल्या आमच्या दारात आई उभी. “खाडीची घाण घेऊन आत पाऊल टाकायचे नाही. आधी पाणी ओत त्यावर!” मी विहिरीच्या गोड्या पाण्याचे दोन तांबे दोन्ही तुकड्यांवर ओतले. खाडीतला थर टिकला, मिठागरातला ओघळून गेला. तुम्हाला तेवढेच सांगितले. पाट्या घरात कशा आल्या, हे तुम्ही विचारलेच नाही! बक्षीस-समारंभात सर्वांसमोर मात्र म्हणालात, “शाबास! हे या मुलीने शोधले.”

यंदा पुन्हा तुकडा बुडवला. काल मिठागराच्या बांधावरच अंगठ्याने खरवडून पाहिला; थर निघेना. सोबत नेलेले विहिरीचे पाणी ओतले, आणि तो सुटून आला. खारटपणा त्या जंतूंनी सोसला होता. एकाएकी अंगावर आलेले गोडे पाणी त्यांना सोसवले नाही.

हेडमास्तरांना हे सांगितले, तर म्हणतात, “बाई, मास्तरांच्याच खुर्चीत बसून मास्तरांचे वाक्य खोडणार?” म्हणजे तुमचा मान राहावा म्हणून वीस मुलींनी खोटे पाठ करायचे! तुम्ही असता, तर पहिल्यांदा तुम्हीच ते खोडले असते. निदान मी तसे धरून चालले आहे.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही. दुरुस्ती लिहून हेडमास्तरांकडे पाठवली: चैत्र वद्य तृतीया, सोमवार, सकाळी साडेदहा. तीत दारात पाणी ओतल्याचे लिहिले आहे. तुम्ही ‘शाबास’ म्हणालात तेव्हाही ते मला आठवत होते, एवढे मात्र लिहिलेले नाही.