तिसरी घागर

३ मे १९७०, धुळे
इस्पितळात दामूला भेटून आले. बराच सुधारलाय. डॉक्टर म्हणतात, घरचे सांभाळणार असतील तर सोडायला हरकत नाही असं कोर्टाला कळवतो. पण मी बहीण एकटी पुरत नाही, भाऊ नानाही समोर हवा. कापसाच्या जिनच्या मुकादमाच्या डोक्यात पहार घातली तेव्हा दामू भ्रमात होता, हे कोर्टाला कळलं. नानाला अजून कळायचंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जळगावी जाऊन त्याचे कान उपटते.

८ मे, जळगाव
आखाजी. पितरांच्या घागरी मांडलेल्या, गेलेल्या प्रत्येकाची एक. आबांची एक, आईची एक. तिसरी कोणाची?
नानाची बायको सुमन पदराशी चाळा करत, "आमच्या कुसुमच्या होणाऱ्या सासरी सांगितलंय, धाकटे भाऊजी वारले. आज ते जेवायला येताहेत. दोनच घागरी दिसल्या असत्या तर?"
नवऱ्याच्या सख्ख्या भावाला जिवंतपणी पाणी पाजलं! खोटं बोललं की मिशनच्या शाळेत सिस्टर साबणाने तोंड धुवायला लावत. या घराला अख्खी वडी पुरायची नाही.
तिसऱ्या घागरीवरचा आंबा उचलून पिशवीत टाकला.
"अक्का, पितरांचं ते!"
"ज्याचं त्याला नेऊन देते. दात आहेत त्याला अजून."
एवढ्यात पाहुणे दारात. नाना पांढराफटक. मी तशीच उपाशी शेजारच्या घरी जाऊन बसले. पुरणपोळ्या हुकल्या, त्याचाही राग.

९ मे
नाना स्टँडवर सोडायला आला. गाडी सुटताना खिडकीतून आणखी चार आंबे दिले. "रस काढू नको. त्याला चोखून आवडतात."
गाढव! एवढं आठवतं, आणि...
पाहुण्यांना काय सांगितलंस, विचारलं. "अजून काही नाही."

१२ मे
इस्पितळ. दामू म्हणाला, "अक्का, नानानी घागर भरी का?"
"भरली. तुझा आंबा वेगळा काढला होता."
यात खोटं काही नाही. साबण नको.
कोपरापर्यंत रस ओघळला. "गोड शे."
डॉक्टर म्हणाले, भाऊ? म्हटलं, येईल. कोर्टाला कळवायचं सोमवारपर्यंत थांबवतो म्हणाले.

१७ मे, धुळे
उद्या सोमवार. नानाला तार केली होती. दामूची खाट पुढच्या खोलीत टाकली. सुतळ्या आवळून घेतल्या.
जळगावची दुपारची मोटार आली. नाना नव्हता. संध्याकाळची आहे अजून.
भाकरी दोघांच्या थापल्यात.