पाचव्या दिवशी बरी

प्रिय आक्का,

तुझ्या दरबारात एक गंभीर फिर्याद गुदरतो आहे. माझी शेकायची रबरी पिशवी चोरीला गेली. कंबरेसाठी मी ती रामनगरच्या बाजारातून चांगली चार पिशव्या दाबून पाहून आणली होती. वादी मी. प्रतिवादी तुझी लाडकी भाची गौरी. साक्षीला तुझी भावजय शारदा, जी लग्नापासूनच फितूर आहे.

तू असतीस तर खटला ऐकून घेण्याआधीच निकाल दिला असतास : "दे रं पोरीला ती. बसून बसून दुखणाऱ्या कमरंचे कसले लाड?"

निकाल मान्य. पण पिशवी तिला का लागते, हे तुला सांगायला हवं. सोमवारी बेळगावला तिच्या पोटाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, आणि त्याआधी मला तुला एक विचारायचं आहे.

तू गेलीस तेव्हा गौरी शाळेत होती. आता दांडेलीला कॉलेजात आहे. दर महिन्याला पोटात अशी कळ येते की उलट्या होतात, शौचाला बसली तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा परीक्षेच्या बाकावरून घसरून खालीच पडली. मैत्रिणींनी उचलून आणली.

दाखवलं नाही असं नाही गं! तालुक्याला दाखवलं, दांडेलीला दाखवलं. पण आपल्या घरची रीत तू जाणतेस. तुझ्याच हातची ती. चार दिवस मागच्या खोलीत, बस नाही, प्रवास नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाण, मग बाहेर. त्यामुळे डॉक्टरकडे आम्ही तिला न्यायचो ते पाचव्या दिवशी, न्हालेली, वेणी घातलेली, केसांत अबोली माळलेली. असा टवटवीत रुग्ण पाहून एकाने पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने सोनोग्राफी पाहिली, सगळं स्वच्छ आहे म्हणाला आणि लग्नानंतर आपोआप थांबेल असा आशीर्वादही दिला. इतकी वर्षं मी गावाचे मुहूर्त काढतो आहे आक्का, पण आजार हमखास लपेल असा मुहूर्त आमच्या घराने न चुकता साधला.

मग एका महिन्यात, दुसऱ्याच दिवशी, गौरी मागच्या खोलीतून चपला घालून अंगणात येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, बेळगावला जायचं, आत्ता.

शारदा म्हणाली, "आज? न्हाण व्हायचं हाय अजून. पाचव्या दिवशी जाऊया की."

"पाचव्या दिवशी मी बरी असते, आई. बरी गौरी दाखवून काय उपयोग न्हाई."

शारदाने माझ्याकडे पाहिलं. घरात शास्त्र मी शिकलेला, तेव्हा आधार मीच द्यायचा होता. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं आठवून पाहिलं, आणि त्यात या पोरीला परत खोलीत पाठवण्याइतकं वजनदार काही सापडलं नाही. मी सदरा चढवला.

कुंभारवाड्याहून निघालेली बस तुला ठाऊक आहे, जंगलातल्या प्रत्येक वळणाला हाक मारत जाते. गौरी मोठी झाल्यापासून त्या दिवसांत मी तिच्या शेजारी कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. रामनगर येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. प्रत्येक खड्ड्याला फक्त नखं रुतायची. बेळगावात उतरल्यावर बाही वर करून पाहिली, तर हातावर रक्त आलेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवलं आणि सगळं तिलाच विचारलं. पोटावर हात दाबला तशी गौरी टेबलावरून अर्धी उठली. मग त्यांनी मला समजावलं : गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर कधीकधी बाहेर, भलत्या जागी वाढतं. महिन्याच्या महिन्याला तेही सुजतं, आतडी-बितडी एकमेकांना चिकटतात. साध्या सोनोग्राफीत ते बऱ्याचदा दिसतच नाही. एंडोमेट्रिओसिसचा दाट संशय आहे, पण खात्री नाही. यात कधीकधी मूल राहायलाही अडचण येते.

आणि मग विचारलं : घरात आणखी कुणाला असा त्रास?

मी ठामपणे नाही म्हटलं.

गौरी म्हणाली, "आत्याला होता."

आक्का, हे मला ठाऊकच नव्हतं. ती सांगत होती. तुझ्याजवळ मागच्या खोलीत झोपायची तेव्हा तू चुलीत तापवलेला गोल धोंडा फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायचीस. पदराचा बोळा दातांत. ती उठून बसली की म्हणायचीस, "नीज गं. कुणाला सांगू नको हां. बायकांचं आसंच आसतंय."

तो धोंडा अजून मागच्या दाराला टेकण आहे. रोज माझा पाय त्याला लागतो. मला वाटायचं, दारासाठीच आणला असशील.

तू चार दिवस खोलीत गेलीस की मी तुला चिडवायचो, आक्का सुट्टीवर गेली म्हणून. तू आतून हसायचीस. हसत कशी होतीस गं? आणि खानापूरच्या तुझ्या सासरच्या लोकांनी मूल नाही म्हणून तुला परत पाठवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. कुणी एकाने तरी तुझं पोट दुखतंय का, असं विचारलं होतं का? हाच माझा प्रश्न. तुला हेच होतं का? आणि त्या लहान पोरीला सांगितलंस, ते मला का नाही सांगितलंस?

गोळ्या घेऊन झाल्या, मोठं स्कॅनिंग झालं. थोडा उतार पडला, पण कळ जात नाही. आता दुर्बिणीने आत पाहिल्यावरच नक्की काय ते कळेल. शारदाने न्हाणाचा दिवस न मोजता कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे. देवापुढे मात्र दोनदा दिवा लावते, हिशोब बरोबर राहावा म्हणून.

तुला वचन देतो. सोमवारी काही सापडो न सापडो, ज्या दिवशी पोरगी दुखतंय म्हणेल त्याच दिवशी तिला घेऊन निघेन. मागच्या खोलीला आता कडी नाही. काढून टाकली.

शस्त्रक्रियेला मी घाबरत नाही. घाबरतो ते एवढ्यालाच, की आत बघून डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर गौरी घरी येऊन तुझ्यासारखीच गप्प होईल आणि एक दिवस हसायलाही लागेल.

तुझा धाकटा,
दत्तू