साडेतीन ते सव्वाचारचं ऊन

प्रिय सूनबाई,

अजूनही तुला सूनबाईच म्हणावं की नावानं हाक मारावी, या विचारात पहिला कागद फाडला. दुसरा कशासाठी फाडला ते विचारू नकोस. तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. तीन पानं तुझ्या नोकरीची, भाड्याच्या खोलीची, घरमालकिणीच्या आगाऊ मांजराची, आणि सगळ्यात खाली, सहीच्या वर, जाता जाता विचारावं तसं एकच वाक्य : आई, तो शेवटी माझ्यावर रागावूनच गेला का, तुम्हाला काय वाटतं? एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात मी दुसऱ्यांचे नकाशे शाईनं गिरवले आहेत. कागदावरची कोणती ओळ महत्त्वाची, ते मला दाखवावं लागत नाही. उत्तर मी देणार आहे. पण माझं घोडं जरा अडतं तिथे, तेव्हा आधी घरचं सांगते, मग तिकडे येते.

तू गेलीस तेव्हा सामान रिक्षात ठेवल्यावर परत वर आलीस आणि आपल्या मागच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणालीस, की मला या घरातलं दुसरं काही नको, हे दुपारचं ऊन तेवढं नेता आलं असतं तर. मी तेव्हा पाठ फिरवून आत गेले. तुला वाटलं असेल, म्हातारी रागावली. तसं नव्हतं. पुढे शेजारच्या रिकाम्या जागेत खोदकाम सुरू झालं. चार मजली होणार म्हणतात. म्हणजे मागच्या खोलीचं ऊन वर्षभरात कायमचं जाणार. मी फोनवर फोटो काढून पाहिले. खिडकी पांढरी फटक आणि बाकी खोली काळी ठिक्कर, ऊन कुठेच नाही. तेव्हा मनात आलं की फोटोत येत नाही तर आपण रंगवून पाहावं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही.

कापडाच्या दुकानावरच्या माडीत एक शिकवणी आहे. शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, पण तो असेल आपल्या लंबूच्याच वयाचा, माझा लेक शोभेल असा. पहिल्या दिवशी मी नाव सांगण्याऐवजी त्याच्याकडे बघतच राहिले, तर त्यानं पाणी आणून दिलं. मी सांगितलं, मला एका खोलीतलं ऊन काढायचंय, बाकी काही शिकवू नका. तो म्हणाला, मग इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं ऑइलमध्ये करा, त्यात वस्तू काढायचीच नसते, तिच्यावर पडलेला उजेड काढायचा असतो. मी मान हलवली आणि घरी येऊन काय केलं असेल? पट्टी लावून खिडकीची चौकट आखली, गज मोजून काढले आणि सगळं पक्क्या काळ्या शाईनं गिरवलं. कॅनव्हास पाहून मास्तरनं विचारलं, काकू, खिडकी पळून जाणार होती का, कुंपण कशाला घातलंत? वर्गातली कॉलेजची पोरं खोखो हसली. मीही हसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या शाईवर मी नंतर रंगाचे चार थर दिले, तरी रेघा दिसायच्या त्या दिसल्याच.

मग त्यानं माझ्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब काढून घेतली ती कायमची. काळा वापरायचाच नाही. डोळे किलकिले करून पाहायचं, जो रंग दिसेल तो छोट्या तुकड्यानं ठेवायचा, त्याला खेटून दुसरा, आणि घोटत बसायचं नाही. आणखी एक अट, रोज त्याच वेळेला बसायचं आणि ऊन सरकलं की ब्रश खाली ठेवायचा. आपल्या खोलीत ते साडेतीनला येतं आणि सव्वाचारला पलंगाच्या पायथ्यापाशी संपतं, तुला माहीतच आहे. मी जमिनीवर खडूनं खुणा केल्या. टर्पेंटाइनच्या वासानं डोकं चढायचं आणि जवसाचं तेल माझ्या एकूण एक पदरांना लागलं. खालची दूधवाली विचारते, घराला रंग काढलात का? मी म्हणते, हो, पण एकाच भिंतीला, आणि तीही संपत नाही. तिकडे शेजारी एकेक स्लॅब पडत होता. दुसरा पडला तेव्हा माझी सुरुवातीची पाच मिनिटं गेली.

घोडं अडलं ते उजेडापाशी. मी पांढऱ्यात लिंबोणी पिवळा घालून घालून ऊन चढवायची, आणि ते जितकं चढवावं तितकं भिंतीला चुना फासल्यासारखं दिसायचं. रोज सुरीनं खरवडायचं, रोज पुन्हा फासायचं. शेवटी मास्तर एका दुपारी घरी आला, स्टुलावर बसून आधी खोली पाहिली, मग चित्र, आणि खिडकीखालच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, इथली सावली तुम्ही काढलेलीच नाही. उजेड पांढऱ्यानं येत नाही काकू, शेजारची सावली खरी असली की येतो. ती का टाळताय? मी म्हटलं, दिसत नाही मला नीट, मोतीबिंदू असेल. तो चहा पिऊन गेला.

मला नीट दिसत होतं. त्या भिंतीला, बसल्यावर डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, लंबूच्या केसांच्या तेलाचा गोल डाग आहे. खुर्चीत त्याचे पाय मावायचे नाहीत म्हणून तो तिथे जमिनीवर बसायचा, पाठ भिंतीला आणि तंगड्या थेट दारापर्यंत. मी ऑफिसातून आले की त्या ओलांडत बडबडत जायची. तो दिवसभराचं मला सांगायचा, अगदी सगळं. मग तू आलीस. तो तिथेच बसायचा, पण आता तू समोर बसायचीस, दार थोडं लोटलेलं असायचं आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. तुम्ही मला कधी नको म्हटलं नाहीत. उलट तूच हाक मारायचीस, आई, या ना. मी म्हणायची, मला कामं आहेत. कामं कसली डोंबलाची. मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहायची. मला तुझा हेवा वाटायचा, सूनबाई. हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तू वाईट असतीस तर सोपं गेलं असतं.

तिसरा स्लॅब पडायच्या आधी मी चौदा दिवस फक्त ती सावली रंगवली. तिच्यात जांभळा निघाला, पलंगपोसाचा हिरवा निघाला, डागापाशी तपकिरी आणि त्यात चक्क थोडा नारिंगी. त्या डागाकडे रोज चाळीस मिनिटं डोळे किलकिले करून बघायचं म्हणजे काय, ते मी सांगत नाही. बाराव्या दिवशी बाजूच्या भिंतीवर ऊन आलं. मी तिथे रंगाचा नवा ठिपकाही दिला नव्हता. मी ब्रश ठेवला आणि खूप रडले. मग हात धुऊन हा कागद घेतला, आणि लिहिलं काहीच नाही. आता तिथे बांबूची परांची बांधली आहे आणि हिरवी जाळी. खोलीत दिवसभर पाण्यात बसल्यासारखं वाटतं. चित्र वाळायला अजून दोन-तीन महिने लागतील, मग पाठवीन. पण तुझ्या प्रश्नाला तेवढं थांबवणं बरं नाही.

तुला आम्ही सांगितलं होतं की तो शुद्धीवर आलाच नाही. आम्ही म्हणजे मी. पंधरा दिवस छातीत दुखतंय हे लपवलं म्हणून आदल्या संध्याकाळी तू त्याला दवाखान्यात बोललीस, तुला कुणाचंच काही पडलेलं नाही असं म्हणालीस, आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्री त्याची शुद्ध गेली. तेच बोलणं तुमचं शेवटचं, असं तू दोन वर्षं धरून बसली आहेस. सूनबाई, दुसऱ्या दिवशी दुपारी तो जागा झाला होता. चांगला वीस मिनिटं. तू बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपली होतीस, दारापासून दहा पावलांवर. त्यानं डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, किती दिवसांनी माझ्या वाट्याला आला. मग त्यानं विचारलं, ती कुठे आहे? मी म्हटलं, घरी पाठवलीय. तो म्हणाला, बोलाव तिला, तिचं बरोबर होतं, मीच मूर्खासारखा वागलो. मी म्हटलं, बोलावते, तू पड आधी. आणि मी उठले नाही. त्याचा हात हातात धरून बसले. मला वाटलं होतं, संध्याकाळ आहे, उद्या आहे, तुम्हाला पुढचं सगळं आयुष्य आहे. ही वीस मिनिटं माझी असू देत. नंतर तू मला विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, आणि एकदा बोलल्यावर मला परत फिरता आलं नाही. तो तुझ्यावर रागावून गेला नाही. तो तुझी वाट बघत गेला, आणि मी तुला हाक मारली नाही. मला क्षमा कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. पण डोळे मिटायच्या आधी त्यानं आणखी एक विचारलं होतं, तेही तुझंच आहे, म्हणून देते. त्यानं विचारलं, ती जेवली का? मी म्हटलं, हो, पोटभर. तू दोन दिवस काही खाल्लं नव्हतंस.

तुझीच,
(पुढे काय लिहावं ते तू ठरव)